चिमूटभर मेणाची राखण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात माझ्या जुन्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला. गाडी ओढून नेहमीच्या गॅरेजात आणावी लागली. मिस्त्रींनी इंजिन थोडा वेळ चालवलं, रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप चाचपला आणि म्हणाले, "इंजिन तापलंय, पाइप गार. थर्मोस्टॅट अडकलाय. आपल्याकडं कसली थंडी, साहेब? काढूनच टाकू." मी मान डोलावली.

गाडी तापायची थांबली, पण पेट्रोल जास्त खाऊ लागली. डिसेंबरात तर काटा तळ सोडीना. तेव्हा या वस्तूची चौकशी करावीशी वाटली.

उष्णतेनं उष्णतेलाच आवरायचं, ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकानं अंडी उबवण्याची पेटी केली. ऊब वाढली की आतला पारा सरके आणि भट्टीची हवा कमी होई. मोटारींना मात्र ही युक्ती लगेच लाभली नाही. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'त गरम पाणी आपोआप वर चढे आणि गार पाणी खाली उतरे. कडाक्याच्या थंडीत लोक रेडिएटरपुढे घोंगडी किंवा पुठ्ठा बांधत. १९१४ साली कॅडिलॅकनं आणलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनात पाण्यावर थर्मोस्टॅटचा ताबा आला.

सुरुवातीच्या थर्मोस्टॅटमध्ये लवकर उकळणारा द्रव भरलेला पातळ भाता असे. पुढे रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली ठेवू लागले, तेव्हा तो दाब भात्याच्या आड येऊ लागला. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी मेण वापरलं. वितळताना मेण फुगतं आणि दांडीला असा रेटा देतं, की पाण्याच्या दाबाला ते जुमानत नाही. इंजिन गार असेतो झडप बंद राहते, पाणी इंजिनातच फिरतं. साधारण ८२ ते ९० अंशांवर झडप उघडते. झडप नसेल तर इंजिनाला नीट ऊब येत नाही. इंधन जास्त जळतं, तेलात ओल राहते, झीज वाढते. ते आपल्या हवेतही खरंच आहे.

मी नवा थर्मोस्टॅट आणला. घरी पातेल्यात पाणी तापत ठेवून जुना आणि नवा, दोन्ही दोऱ्यानं त्यात सोडले. पाणी उकळलं तरी जुना मिटलेलाच. नवा त्याआधीच उघडला होता, गार होताच पुन्हा मिटला.

दोन्ही घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी तिथंच चहाच्या पातेल्यात प्रयोग करून पाहिला. मग गार इंजिनावर नवं गॅस्केट घालून थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं. निघताना म्हणाले, "जुना राहू द्या इथंच. पोरांना दाखवायला होईल."