अध्याहृत विधाने : २००४ च्या कौलाचा अर्थ



व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी 'अध्याहृत' हा शब्द शिकला आहे : जो उच्चारलेला नसतो, परंतु ज्याच्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही. युक्तिवादातही असे काही अध्याहृत असते. तेथे ते ओळखावयास लावणारे गुरुजी मात्र नसतात.

२००४ साली, त्या वेळच्या अविभक्त आंध्र प्रदेशात, लोकसभेबरोबरच विधानसभेची निवडणूक झाली. चंद्राबाबू नायडूंचा तेलुगू देशम १८० जागांवरून ४७ वर आला. काँग्रेस ९१ वरून १८५ वर गेली. शहरांकडे पाहणारी अर्थनीती खेड्यांनी झिडकारली, असा निष्कर्ष लगोलग काढला गेला. दुष्काळ, कर्ज, शेतकऱ्यांच्या आत्महत्या ही दुःखे खरीच होती. परंतु जितक्या जागा पालटल्या तितकी मनेही पालटली, हे विधान त्या निष्कर्षात न बोलता शिरले.

मतांचे आकडे पाहावेत. काँग्रेसला १९९९ मध्ये सुमारे ४०.६ टक्के मते होती, २००४ मध्ये ३८.६. मते घटली आणि जागा दुप्पट झाल्या! कारण तेलंगण राष्ट्र समिती व डावे पक्ष यांच्याशी युती करून काँग्रेसने अनेक मतदारसंघ मित्रांना सोडले होते. तेलुगू देशमची मते मात्र ४३.९ वरून ३७.६ टक्क्यांवर उतरली. म्हणजे रोष होता. पण जागांवरून वाटतो तेवढा तो सर्वव्यापी नव्हता.

आपले बाजारहत्नूर ज्यात येते त्या बोथ मतदारसंघात १९९९ साली तेलुगू देशम विजयी झाला होता. २००४ साली समितीचे सोयम बापुराव निवडून आले. हे मत अर्थनीतीविरुद्ध, की वेगळ्या तेलंगणासाठी? मतदानयंत्रावर कारण नोंदविण्याचे बटण नसते.

याच बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन मुंबई राज्यात गेले व आज ते नांदेड जिल्ह्यात आहे. सीमेच्या दोन्ही अंगांस काळी माती तीच, कापूस तोच, आणि सावकारही फारसा निराळा नसावा. महाराष्ट्रातही कापूसवाल्यांच्या आत्महत्या होत होत्या. तरीही ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील सत्तारूढ काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच पुन्हा सत्तेवर आली. शेतीचे दुःख सरकार पाडते, हा नियम सीमा ओलांडताना कोठे गळाला?

यावर कोणी म्हणेल, सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीपूर्वी शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली होती. इकडे राजशेखर रेड्डींनीही तेच आश्वासन दिले होते व मे २००४ मध्ये सत्तेवर येताच ते अंमलात आणले. उत्तर विचारार्ह आहे. महाराष्ट्रातील ती सवलत पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली, हा भाग वेगळा. परंतु याही उत्तरात एक विधान अध्याहृत आहे : शेतकरी म्हटला की त्याच्या शेतात विहीर आणि विहिरीवर मोटार असणारच. आपल्याकडील कोरडवाहू कापूसवाल्यास ते आधी विचारावयास हवे.