नानावटी खटल्यातील ज्यूरी
सन 1959 मध्ये नौदलाचे अधिकारी कमांडर कावस नानावटी यांना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरविणारा कौल मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. ज्यूरी भावनेच्या आहारी गेली, असे आजही सर्रास सांगितले जाते. परंतु ज्यूरीला उद्देशून न्यायाधीशांनी जे निवेदन केले त्यातच उच्च न्यायालयाला गंभीर उणिवा आढळल्या, ही गोष्ट मला अधिक विचारार्ह वाटते. झटापटीत गोळ्या अपघाताने सुटल्या असे बचावाचे म्हणणे असता, अपघाताचा अपवाद शाबीत करण्याचा भार तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 105 अन्वये आरोपीवर होता, हे ज्यूरीला सांगण्यातच आले नव्हते. त्या अपवादाची अंगोपांगेही उलगडून दाखविलेली नव्हती. कायद्याचे ज्ञान ज्यांना केवळ न्यायाधीशांच्या मुखातूनच व्हावयाचे, त्या सामान्य नागरिकांच्या माथी सारा दोष मारणे अन्यायाचे आहे. उच्च न्यायालयाने कौल रद्द ठरवून जन्मठेप फर्मावली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.