उंदराचा सापळा आणि मी

परवा मी नाटकाच्या ऑडिशनला जाऊन आले. हो, मीच! वय वर्षं सत्तावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि शेवटचं काम केलं ते मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेत, तेही सासूचं. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, पण तुझे उच्चार?" लेक फोनवर म्हणाली, "आई, बिनधास्त जा." मी लेकीचं ऐकलं.

आमचं ओहायोतलं गाव लहान. इथलं कम्युनिटी थिएटर म्हणजे एक जुनं चर्च, त्यात खुर्च्या टाकलेल्या. दिवसा दात काढणारा डॉक्टर, पोस्टातला माणूस, शाळेतल्या बाई, हे सगळे संध्याकाळी नट होतात. आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेसाठी बँकेतली मंडळी ऑफिस सुटल्यावर तालमी करायची, तसंच. दर वर्षी एक तरी खुनाचं नाटक असतंच. त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. एकच दिवाणखाना उभारला की भागतं, आठ पात्रं असतात, आणि सगळेच संशयित असल्यामुळे प्रत्येकाला बरं काम मिळतं. कोणी रुसत नाही. शिवाय तिकिटं खपतात.

यंदाचं नाटक अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप'. बर्फात अडकलेलं एक गेस्ट हाऊस, पाहुणे, स्कीवरून आलेला पोलीस, आणि त्यांच्यातला कोणीतरी खुनी. (कोण ते सांगणार नाही. नाटक संपल्यावर प्रेक्षकांना गुपित राखायची विनंती करायची प्रथाच आहे.) लंडनच्या वेस्ट एंडमध्ये हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला लागलं आणि अजून चालू आहे. मध्ये खंड पडला तो फक्त कोविडमध्ये, मार्च २०२० ते मे २०२१. पहिल्या संचात रिचर्ड अॅटनबरो आणि त्यांची बायको शीला सिम होते. अॅटनबरोंनी नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता. त्यातला उरलेला वाटा त्यांनी पुढे विकला तो 'गांधी' सिनेमा पुरा करायला पैसे कमी पडत होते म्हणून. आम्हाला शाळेतून रांगेने जो 'गांधी' दाखवायला नेलं होतं, त्यात या खुनी नाटकाचे पैसे होते! मला ही गोष्ट फार आवडते.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. माझी एक खोड आहे, हातात काही आलं की त्याच्या मागचं वाचत बसायचं. लायब्ररीतून नाटक आणलं, दोनदा वाचलं, आणि मग मागे मागे जात राहिले.

हे आधी नाटक नव्हतंच. १९४७ मध्ये राजमाता मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने काय ऐकायला आवडेल असं विचारलं, तर त्यांनी ख्रिस्तीचं काहीतरी मागितलं. तिने अर्ध्या तासाची श्रुतिका लिहिली, 'थ्री ब्लाइंड माइस'. ३० मे १९४७ ला ती प्रसारित झाली. बालगीताचं गोंडस नाव, वाढदिवसाची भेट! आणि आत काय, तर दोन वर्षांपूर्वी मेलेल्या एका मुलाची सावली.

त्याचं नाव डेनिस ओनील. वेल्समधल्या न्यूपोर्टचा. घरी सांभाळ होत नाही म्हणून तो आणि त्याची भावंडं नगरपालिकेच्या ताब्यात गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस आणि धाकट्या टेरेन्सला श्रॉपशरमधल्या एका शेतावर सांभाळायला दिलं. ९ जानेवारी १९४५ ला डेनिस मेला. उपासमार आणि मारहाण. वय बारा. मार्चमध्ये खटला झाला, शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षं आणि बायकोला सहा महिने. कोर्टात साक्ष द्यायला उभा होता तो धाकटा टेरेन्स. तो पुढे मोठा झाला, आणि २०१० साली त्याने स्वतःची हकिकत पुस्तकात लिहिली.

मला झोप लागू दिली नाही ती मात्र कागदपत्रांनी. मुलं एका गावची, शेत दुसऱ्याच परगण्यात. देखरेख कोणी करायची यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार. डिसेंबरमध्ये न्यूपोर्टच्या ऑफिसातली एक कारकून बाई तिथे जाऊन आली आणि मुलांना हलवा असा तिने अहवालही दिला. मध्ये नाताळ आला. सर वॉल्टर मॉंक्टन यांची चौकशी बसली, त्यातून सरकारला जाग आली, आणि १९४८ चा मुलांसंबंधीचा कायदा होण्यामागे हे प्रकरणही होतं.

ख्रिस्तीने नावगाव बदललं, पण शेत आणि तिथे मेलेला मुलगा ठेवला. आणि मुलांना तिथे पाठवणारी मॅजिस्ट्रेटही ठेवली, मिसेस बॉइल. पहिल्या अंकाच्या अखेरीस तिचा खून होतो (एवढं सांगितलं तर चालेल), पण तोपर्यंत ती गेस्ट हाऊसला इतकी नावं ठेवते की लोक हसून दमतात. मला वाचायला सांगितलं होतं तेच काम. वयाला शोभणारं!

आता थोडं माझं. हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही.

लग्नाआधी, १९९१ ते ९३, मी एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होते. पाचवीत एक मुलगा होता, वसतिगृहात राहणारा. तो पहिल्या तासालाच झोपायचा. एकदा वही तपासताना त्याच्या मनगटावर वळ दिसले. विचारलं तर म्हणाला, पडलो. मी संध्याकाळी वसतिगृहावर गेले. तिथले रेक्टर अगदी गोड बोलले. "फार द्वाड आहे हो बाई, झाडावर चढतो." चहा आला. मी चहा प्यायले, बरं म्हटलं आणि परत आले. दिवाळीनंतर तो मुलगा आलाच नाही. शाळा सोडल्याचा दाखला निघाला, त्याआधी वर्गशिक्षिका म्हणून सही माझी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पालकांची इच्छा. मी पालकांना कधी पाहिलंच नव्हतं.

काही भयंकर झालं असं मी म्हणत नाही. बहुधा घरी गेला असेल, आता चाळिशी ओलांडली असेल, पोरंबाळं असतील. पण मी विचारलं नाही, हे खरं.

तर ऑडिशन. आम्ही नऊ जण होतो, मिसेस बॉइलसाठी तिघी. आधी पहिला प्रवेश, कुरकुरीचा. मी आमच्या वाड्यातल्या घरमालकीणबाई डोळ्यांपुढे आणल्या आणि ठोकून दिलं. लोक हसले. दातांचा डॉक्टर तर फारच. मग दिग्दर्शिकेने दुसरं पान दिलं. शेताचा विषय निघतो आणि मिसेस बॉइल स्वतःची बाजू सांगते ते. अर्ज आला होता, माणसं बरी वाटली, अहवाल होते, आता मी त्याला काय करणार, असा सगळा सूर. माझ्या आधीच्या दोघींनी ते ताठ मानेने, फणकाऱ्याने वाचलं होतं. लोक हसले होते. मीही तेच ठरवून गेले होते.

वाचायला लागले आणि आवाज खाली गेला. ठरवून नाही. मला त्या खोलीत चहाचा वास आला, खरंच. मी वाक्यं संपवली ती कोणाला तरी पटवून देत असल्यासारखी, नेटाने, आणि मध्येच अडखळले. कोणी हसलं नाही. दिग्दर्शिका थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "थँक यू. हे मी असं ऐकलं नव्हतं."

घरी येताना गाडीत एक गोष्ट लक्षात आली. 'थ्री ब्लाइंड माइस' नावाचं नाटक आधीच असल्यामुळे ख्रिस्तीला नाव बदलावं लागलं, आणि तिच्या जावयाने सुचवलं ते 'हॅम्लेट'मधून. हॅम्लेट काकाच्या मनातलं बाहेर काढायला त्याच्यासमोर नाटक करवतो, आणि नाव विचारल्यावर सांगतो, उंदराचा सापळा. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. ते माझ्या वडिलांच्या कपाटात होतं, मी कधी उघडलं नाही. असो.

काम मिळालं का? नाही. मिसेस बॉइल शाळेतल्या बाईंना मिळाली, आणि रास्त आहे, त्यांनी छान केलं होतं आणि लोकांना हसायला हवंच असतं. मला प्रॉम्प्टर आणि मिसेस बॉइलची बदली नटी म्हणून घेतलंय. नवऱ्याने मला चिडवलं. मी त्याला नॅन्सी सीब्रूकची गोष्ट ऐकवली. लंडनच्या संचात ही बाई पंधरा वर्षं मिसेस बॉइलची बदली नटी होती. ६,२४० प्रयोगांना तयार राहिली, त्यातल्या ७२ वेळा रंगमंचावर गेली.

आमचे प्रयोग फक्त सहा आहेत. तालमी सोमवारपासून. कालपासून पाठांतर सुरू केलंय, दुसऱ्या पानापासून.

आणि हो, नंदूमामा, तू हे वाचत असशीलच. त्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघायला मिळतं का, जरा चौकशी करशील? नाव आणि वर्ष मी तुला फोनवर सांगते.