निसर्गक्रम, शास्त्रवचन आणि न्यायासन

दिल्ली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा व न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निर्णय दिला आणि भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम, प्रौढांमध्ये परस्परसंमतीने व खाजगीत घडणाऱ्या संबंधांपुरते, संविधानाच्या चौदाव्या, पंधराव्या व एकविसाव्या अनुच्छेदांशी विसंगत ठरविले. ह्या निर्णयाविरुद्ध केंद्र शासन अपिलात गेले नाही. गेले ते दिल्लीचे ज्योतिषी सुरेशकुमार कौशल. आणि त्यांच्या मागोमाग ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, सनातन धर्म प्रतिनिधी सभा आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. परस्परांच्या ईश्वरकल्पनेविषयी, विवाहविधीविषयी आणि आहाराविषयी ज्यांचे कधी एकमत झाले नाही, अशी ही मंडळी एका कलमाच्या रक्षणार्थ एका पंक्तीस बसली. सर्वधर्मसमभावाचे इतके अकृत्रिम दर्शन राजधानीत क्वचितच घडले असेल.

ह्या एकवाक्यतेत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली होती. प्रत्येक पक्षाजवळ स्वतःचे शास्त्र होते. परंतु ज्या शब्दांचे रक्षण करावयाचे, ते शब्द त्यांपैकी कोणाच्याही शास्त्रातून कलमात उतरलेले नव्हते. ‘निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध’ हा शब्दप्रयोग युरोपच्या मध्ययुगीन ईश्वरशास्त्राचा. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने कामविषयक पातकांची प्रतवारी लावताना, ज्या संबंधातून संतती संभवत नाही तो निसर्गाविरुद्ध, असे प्रमेय मांडले. इंग्लंडात हे पातक दीर्घकाळ धर्मपीठाच्या अखत्यारीत होते. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेण्याच्या काळात, १५३३ मध्ये, ते राजाच्या न्यायालयात आणले व त्याला देहान्त शिक्षा जोडली. पाप तेथे गुन्हा झाले. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा इतर कलमांवर विस्तृत टिपणे लिहिणाऱ्या ह्या वाचाळ पंडिताने नेमक्या ह्याच विषयावर मौन पत्करले. विषय इतका किळसवाणा की त्याची जाहीर चर्चा होण्यास निमित्तही देऊ नये, असा त्याचा अभिप्राय होता. १८६० मध्ये संहिता संमत झाली आणि १८६२ च्या प्रारंभापासून अंमलात आली. म्हणजे जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारे हे कलम कारणमीमांसेवाचून जन्मास आले. ज्याचे समर्थन लिहिलेच गेले नाही, त्याचे समर्थन पुढे दीडशे वर्षांनी परक्या शास्त्रांतून शोधावे लागले, ह्यात आश्चर्य नाही.

‘निसर्गक्रम’ म्हणजे काय, हे सांगण्याचे काम न्यायाधीशांवर पडले. सिंधमधील १९२५ च्या खानू खटल्यात असे ठरविण्यात आले की, शरीरसंबंधाचा नैसर्गिक हेतू म्हणजे अपत्यसंभव. अक्वायनसचे प्रमेय अशा रीतीने कराचीच्या न्यायासनावरून पुन्हा उच्चारले गेले. परंतु हा निकष प्रामाणिकपणे लावावयाचा तर तो कोठे थांबणार? त्याच सुमारास मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाचा प्रसार करीत होते आणि त्यांच्यावरही ‘निसर्गाविरुद्ध’ हाच आक्षेप घेतला जात होता. त्या निकषाने कर्व्यांचे जीवितकार्यच अनैसर्गिक ठरते, आणि वंध्य दांपत्यांचा संसारही. इंग्लंडच्या चर्चला ही अडचण उमगली. १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत तेथील धर्माध्यक्षांनी काही परिस्थितीत संततिनियमन क्षम्य मानले. आणि एकदा शरीरसुखाचा संततीशी असलेला अनिवार्य संबंध सुटला की समलिंगी संबंधांविरुद्धच्या युक्तिवादाचा पायाही ढासळतो. १९५५ मध्ये डेरिक शेर्विन बेली ह्या धर्मोपदेशकाने सदोम नगराच्या कथेचीच पुन्हा तपासणी केली. त्याच्या मते त्या नगराचा अपराध अतिथिद्रोहाचा होता. यहेज्केलाच्या ग्रंथात तर सदोमचे पातक म्हणून गर्व, सुखलोलुपता आणि गरिबांची उपेक्षा हीच मुख्यत्वे सांगितली आहेत. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीचा अहवाल आला. १९६५ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी उमरावांच्या सभागृहात कायद्याच्या सुधारणेस पाठिंबा दिला. १९६७ मध्ये इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला. ज्या चर्चने हा शब्दप्रयोग जगाला दिला त्याच्या प्रमुखाने, हे कृत्य पाप असले तरी तो गुन्हा असू नये, एवढा विवेक दाखविला. दिल्लीत मात्र त्यानंतर चार दशकांनीही पाप आणि गुन्हा ह्यांतील हे अंतर धर्मसंस्थांना मान्य नव्हते.

आता स्वकीय शास्त्रांकडे वळावे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी संग हे जातिभ्रंशकर कर्म म्हटले आहे. परंतु त्याच यादीत ब्राह्मणाला इजा करणे, मद्यादी निषिद्ध वस्तूंचा वास घेणे आणि कपट ही आहेत. त्याला सांगितलेले प्रायश्चित्त सांतपन किंवा प्राजापत्य कृच्छ्राचे. त्याच अध्यायात पुढे अशाच कृत्याबद्दल द्विजाने सचैल स्नान करावे, असेही वचन येते. स्त्रियांविषयीचे दंड आठव्या अध्यायात आहेत आणि ते कठोर आहेत: मुंडन, बोटे तोडणे, गाढवावरून धिंड. तथापि ते बारकाईने वाचले की ध्यानात येते, तेथे ग्रंथकाराला चिंता आहे ती कन्येचे कौमार्य भंगल्याची, म्हणजे तिच्या विवाहयोग्यतेची व शुल्काची. हे औदार्य नव्हे. मनूला उदार ठरविण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु सचैल स्नान आणि जन्मठेप ह्यांतील अंतर मोजता न येण्याइतके लहान नाही, हे मनुवादी मोर्चास कोणीतरी सांगावयास हवे होते. इस्लामी धर्मशास्त्रातही एकच मत नाही. लूत पैगंबराच्या कथेच्या आधारे हे कृत्य निषिद्ध ठरते ह्याविषयी फकीहांत दुमत नव्हते; परंतु इमाम अबू हनीफा ह्यांनी त्याला कुराणोक्त निश्चित शिक्षेच्या, ‘हद्द’च्या, वर्गात घातले नाही. त्यांच्याच शिष्यांनी ह्या बाबतीत गुरूशी मतभेद दर्शविला. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचेच. पर्सनल लॉ बोर्डाने ज्या कलमाची पाठराखण केली ते ह्या वादाहून निराळ्याच, टॉमस अक्वायनसच्या कुळातले होते.

मग ही परकी वस्तू इतकी आपली कशी वाटू लागली? ह्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासापेक्षा साहित्याच्या इतिहासात अधिक सापडते. पानिपतचे अल्ताफ हुसेन हाली हे गालिबचे शिष्य. दिल्लीच्या काव्यपरंपरेत वाढलेले. त्यांचा ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ हा १८९३ चा ग्रंथ उर्दू समीक्षेचा पाया मानला जातो. गझलेतील प्रियपात्र पुल्लिंगी असण्याचा जो संकेत मीरपासून चालत आला होता, त्याची हालींना लाज वाटली. हा आपल्या कवितेवरील कलंक आहे, तो पुसला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. १८५७ नंतर उद्ध्वस्त झालेल्या दिल्लीचा हा सुपुत्र आपल्या समाजाचे पुनरुत्थान चिंतीत होता आणि जेत्यांच्या नजरेत आपले साहित्य शुचिर्भूत दिसावे, ही त्याची तळमळ होती. त्या तळमळीची चेष्टा करण्याचे कारण नाही. आपल्याकडेही जुन्या शृंगारिक लावणीविषयी सुशिक्षितांना जो संकोच वाटू लागला तो ह्याच जातीचा. परंतु परिणाम असा झाला की दोनतीन पिढ्यांनंतर वाचकाला मूळ संकेताचे विस्मरण झाले आणि लाज तेवढी परंपरा म्हणून उरली.

त्या विस्मरणाचे प्रत्यंतर डिसेंबर १९९८ मध्ये आले. दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा चित्रपट दिल्लीतीलच एका मध्यमवर्गीय कुटुंबातील दोन जावांच्या प्रीतीची कथा सांगतो. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी २ डिसेंबरला मुंबईत व दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहात मोडतोड करून खेळ बंद पाडले. आक्षेप दुहेरी होता: असे संबंध भारतीय संस्कृतीत नाहीत, आणि नायिकांची नावे राधा व सीता आहेत. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, तरी रोष शमला नाही. विशेष हे की १९८१ मध्येच विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकात एका तरुणीची अशीच व्यथा रंगमंचावर आणली होती. ज्या भाषेत ते नाटक लिहिले गेले त्याच भाषेतून सतरा वर्षांनी ‘हे आपल्यात नाहीच’ अशी गर्जना झाली. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या निदर्शकांत काही स्त्रियांच्या हाती, आपण भारतीय आहोत आणि समलिंगीही आहोत, असे सांगणारे फलक होते. ‘भारतीय’ हा शब्द त्या फलकावर लिहावा लागला, ह्यातच त्या वादाचे मर्म आहे.

ह्या आरोपाला विद्वत्तेने उत्तर दिले ते दिल्ली विद्यापीठात अध्यापन केलेल्या दोघांनी. रूथ वनिता व सलीम किदवई यांनी २००० मध्ये ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हा संकलनग्रंथ सिद्ध केला. अनेक भारतीय भाषांतील पुराणे, चरित्रे, कथा व कविता भाषांतरून त्यांनी दाखविले की ह्या भूमीवर समलिंगी प्रीतीचे उल्लेख कधी कौतुकाने, कधी उपहासाने, कधी निषेधाने, परंतु अखंड आले आहेत. त्यामुळे ‘पाश्चात्त्य व्याधी’ हा आरोप इतिहासाच्या दरबारात टिकेनासा झाला. ह्या ग्रंथाचे हे ऋण मोठे आहे. परंतु त्याच्या आधारे पुढे जो लोकप्रिय युक्तिवाद रूढ झाला, की खजुराहोच्या शिल्पांत आहे, कामसूत्रात आहे, म्हणून ते क्षम्य मानावे, तो मात्र दुबळा होय. अस्तित्वाचा पुरावा म्हणजे अनुज्ञा नव्हे. शिल्पात कोरलेले सर्वच अनुकरणीय नसते आणि स्मृतीने निषेधिलेले सर्वच निंद्य नसते. प्रतिपक्षाने मनूचा एक श्लोक काढावा आणि आपण वात्स्यायनाचे एक सूत्र काढावे, ह्या खेळात माणसाचे स्वातंत्र्य हस्तलिखितांच्या संख्येवर अवलंबून राहते.

ह्या खेळातून बाहेर पडण्याचा मार्ग एका मराठी विचारवंताने फार पूर्वी दाखविला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अनाय्हिलेशन ऑफ कास्ट’ ह्या प्रबंधात, शास्त्रांचा व्याकरणशुद्ध अनुकूल अर्थ लावून जातिभेद घालवू पाहणाऱ्या सुधारकांना स्पष्ट सांगितले की, प्रश्न शास्त्र काय म्हणते हा नसून लोक त्याला प्रमाण मानतात हा आहे. तेव्हा हात घालावयाचा तो त्या प्रामाण्यालाच. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३४ मध्ये, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. वाचकांनी हस्तमैथुन व समलिंगी संबंध ह्यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी निःसंकोच उत्तरे दिली, हा अश्लीलतेचा आरोप. आंबेडकरांचा प्रतिवाद असा की, लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्याने अश्लील होत नाही, लोक शंका विचारणार आणि ज्ञात्याने त्यांचे निरसन करणे हे त्याचे कर्तव्यच आहे; समलिंगी प्रवृत्तीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ह्या बचावात त्यांनी कामसूत्राचा आसरा घेतला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी ग्रोट ह्या इतिहासकाराच्या आधारे ‘सांविधानिक नीतिमत्ता’ ही संज्ञा वापरली. तेथील संदर्भ मर्यादित होता: प्रशासनाचे तपशील संविधानात का घालावे, ह्याचे ते समर्थन होते. ही नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते, एवढे त्यांना सांगावयाचे होते. २००९ च्या निर्णयाने ती संज्ञा तिच्या मूळ संदर्भातून उचलून लोकनीतीच्या विरोधात उभी केली. समीक्षेच्या दृष्टीने हा अर्थविस्तार आहे, आणि तो तसा आहे हे मान्य करण्यात संकोच नसावा. परंतु भाषणाच्या अक्षराहून पुढे गेलेला हा अर्थ वक्त्याच्या एकंदर विचाराशी सुसंगत आहे. बहुसंख्यांचे आचरण हेच ज्यांना पिढ्यान्पिढ्या नीती म्हणून भोगावे लागले, त्यांच्या प्रतिनिधीच्या मुखी तो शोभतो.

सर्वोच्च न्यायालयाला हे प्रथम पटले नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी न्यायमूर्ती सिंघवी व मुखोपाध्याय यांनी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. समलिंगी व्यक्ती लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत, आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी जणांवर ह्या कलमाखाली खटले झाले, अशी कारणे त्यात आली. संख्येचा हा युक्तिवाद मूलभूत हक्कांच्या कल्पनेलाच छेद देणारा होता, आणि २०१७ च्या गोपनीयतेच्या निर्णयात त्याचे खंडन झाले. पुढे दिल्लीचे नर्तक नवतेजसिंग जोहर व इतरांच्या याचिकांवर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते कलम संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. त्या पीठावरील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी, इतिहासाने ह्या लोकांची व त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली पाहिजे, असे लिहिले.

विवाहाच्या प्रश्नावर न्यायालय थबकले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असे पाचही न्यायमूर्तींनी म्हटले. तेथेही जमीयत उलमा-ए-हिंद विरोधात उभी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीत ३७७ वे कलम समूळच वगळले गेले. अक्वायनसचा शब्दप्रयोग अखेर भारतीय दंडविधानातून नाहीसा झाला. परंतु त्याबरोबर प्रौढ पुरुषावर व तृतीयपंथीयावर होणाऱ्या बलात्काराला लागू पडणारी एकमेव तरतूदही गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये हा प्रश्न पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने तो केंद्र शासनाकडे विचारार्थ पाठविला. ह्या खेपेस कोणतीही धर्मसभा मध्ये पडली नाही.