शिडीची भाषा

माझे वडील खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात वायरमन होते. त्यांच्या लोखंडी कपाटात रिलेंच्या रांगा असत. रिले म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा खटका. एकाने दुसऱ्याला हुकूम द्यायचा, दुसऱ्याने मोटार सुरू करायची. कुठला रिले अडकला, हे अब्बा नुसत्या ‘टक्’ आवाजावरून सांगत. पुढे नवे पॅनल आले आणि ते कपाट भंगारात गेले. त्या रात्री अब्बा म्हणाले, ‘‘आपली विद्या संपली.’’ मी बी.ए. होऊन कवितेकडे वळलो होतो. मला काय उत्तर सुचणार?

उत्तर भाच्याने दिले. शेगावला इंजिनिअरिंग करून तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात कंट्रोल्स इंजिनिअर झाला. रोबोने वेल्डिंग कधी करायचे, सांगाडा पुढे कधी सरकायचा, कुंपणाचे दार उघडून माणूस आत गेला तर सगळे कसे थांबायचे, हे हुकूम लिहिणे त्याचे काम.

या कामाची जन्मकथा अमेरिकेतली. तिथले मोटार कारखानेही रिलेंवरच चालत. गाडीचे मॉडेल बदलले की कपाटेच्या कपाटे पुन्हा वायरिंग करायची, नाही तर मोडीत काढायची. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने तारा न बदलता नवे काम शिकवता येईल असे यंत्र मागितले. डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी ते बनवले. त्यांचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून नाव पडले ‘०८४’. आजच्या पीएलसीचा, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरचा, हा मूळपुरुष.

मला मोठी वाटते ती त्याची भाषा. कारखान्यातल्या वायरमनना संगणकाची भाषा येत नव्हती, पण रिलेंचा नकाशा वाचता येत होता. म्हणून प्रोग्रॅमही तसाच लिहिला जाऊ लागला. दोन उभ्या रेघा, मधे आडव्या पायऱ्या. नाव ‘लॅडर’, म्हणजे शिडी. यंत्र कामगाराच्या बोलीत बोलले, म्हणून कारखान्यात रुजले. ‘तुम्ही मराठीत कसे लिहिता?’ असे मला पुष्कळ जण विचारतात. हल्ली मी हाच दाखला देतो. ज्यांच्यात राहायचे, त्यांना आपले लिहिलेले वाचता यायला हवे.

आपल्याकडे १९६६ मध्ये टेल्को पुण्यात आली, १९९८ मध्ये तिथूनच इंडिका निघाली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली पोरेही याच वाटेने गेली.

गेल्या ईदला भाच्याने कागदावर एक शिडी काढून अब्बांपुढे ठेवली. अब्बा चष्मा पुसून एकेक पायरी वाचत गेले. कुणी समजावून सांगितले नाही. एका खुणेवर बोट थांबले.

‘‘हे लाल बटण ना? याची वायर तुटली तर?’’

‘‘मशीन थांबेल, नाना. बटण दाबलेले नसताना त्यातून करंट वाहतच असतो. तो तुटला की बंद.’’

‘‘आम्हीही तसंच जोडायचो,’’ अब्बा म्हणाले. मग कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.