पन्हाळ्यावरील इतिहासफलक व स्मारके

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी.वर असलेल्या पन्हाळा या गिरिस्थानातील शिलालेख, संरक्षणफलक, पुतळे व समाध्या. गावाची वस्ती किल्ल्याच्या तटातच असल्याने यांतील अनेक खुणा रोजच्या वहिवाटीच्या रस्त्यालगत आढळतात.

*शिलालेख* : शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात किल्ला बांधला गेला. पुढे आदिलशाहीत त्याची तटबंदी व दरवाजे मजबूत करण्यात आले. तीन दरवाजावरील फार्सी लेख आदिलशाही काळातील असून ते बांधकाम कोणाच्या अमलात, कोणी करविले याची नोंद देतात.

*संरक्षणफलक* : तीन दरवाजा, अंबारखाना, अंधारबाव, सज्जाकोठी आदी वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत. तेथील निळ्या फलकांवर इतिहासापेक्षा कायद्याला अधिक जागा असते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्मारकाभोवती १०० मी. क्षेत्रात बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी.पर्यंत परवानगी लागते. तटाच्या आत घरे असलेल्या पन्हाळकरांना या तरतुदीची झळ थेट लागते.

*पुतळे व समाध्या* : यांतील प्रमुख स्मारके आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने १६६० मध्ये गडाला घातलेल्या वेढ्याशी निगडित आहेत. १२ जुलैच्या रात्री छत्रपती शिवाजी महाराज गडावरून विशाळगडाकडे निसटले. महाराजांचे सोंग घेऊन शत्रूला गुंगवणारे नेबापूरचे शिवा काशीद मारले गेले; त्यांची समाधी पायथ्याशी आहे. या सुटकेत पाठलागावरील शत्रूला अडवणारे बाजीप्रभू देशपांडे यांचा पुतळा गडावर असला, तरी ते पडले विशाळगडाजवळच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती दरवर्षी जुलैमध्ये होते.

*लुप्त वास्तू* : कोल्हापूरकडील रस्ता जेथे गडात शिरतो, तेथे पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ मधील गडकऱ्यांच्या (गडाच्या शिबंदीच्या) बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. गडाच्या इतिहासातील या पराभवाच्या प्रसंगाच्या वाट्याला मात्र पुतळा आलेला नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे.