सुरगाण्याचे देशमुख : महसुलाऐवजी घाटवाटांची राखण

जमिनीचा उपभोग घ्यायचा, तर त्या बदल्यात राजाची चाकरी करायची, हे मध्ययुगीन राज्यव्यवस्थेचे सर्वमान्य सूत्र होते. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर मोठ्या जमीनदारांनी राजाला ठरावीक संख्येने स्वार पुरवावेत, वारसाने जमीन हाती घेताना राजाकडे रक्कम भरावी आणि द्रोह केल्यास जमीन सरकारजमा व्हावी, असा दंडक होता. महाराष्ट्रात हेच नाते वतन, इनाम आणि सरंजाम या संज्ञांनी ओळखले जाई. त्याचे एक वेगळे रूप नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, डांगच्या सीमेवरील सुरगाण्यात पाहावयास मिळते.

देशमुख हा परगण्याचा वंशपरंपरागत अधिकारी. गावोगावची लावणी वाढविणे, महसुलाच्या वसुलीस साहाय्य करणे, मुलखात शांतता राखणे आणि प्रसंगी शिबंदीसह सरकारच्या मदतीस जाणे, ही त्याची कर्तव्ये होती. मोबदल्यात त्याला इनाम जमिनी आणि वसुलीतील ठरावीक हक्क मिळत. वतन नव्या वारसाच्या नावे करून घेताना सरकारात नजराणा भरावा लागे. कसूर झाल्यास वतनावर जप्ती येई. मात्र गढ्या बांधून, पदरी माणसे बाळगून अनेक देशमुख प्रबळ झाले होते. त्यामुळेच शिवाजी महाराजांनी त्यांच्या अधिकारांना लगाम घातला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही वतनदारांना दुखवू नये, पण डोईजड होऊ देऊ नये, अशीच सावध भूमिका दिसते.

सुरगाण्यात हा व्यवहार निराळ्या पायावर उभा होता. येथील देशमुख पूर्वी हातगडचे देशमुख म्हणून ओळखले जात. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकल्यावर हा टापू मोगली अंमलाच्या छायेत आला. तरी देशमुखांची अधीनता नावापुरतीच राहिली. दाट जंगल, उभे डोंगर आणि तुरळक शेती अशा मुलखात ठाणी बसवून वसुली करण्याचा खर्च उत्पन्नापेक्षा अधिक झाला असता. म्हणून मुसलमानी अमदानीत देशमुखांकडून महसूल मागितला जात नसे. त्याऐवजी राज्यकर्ते ज्यांना ‘पुंड’ म्हणत त्या भिल्ल व कोळी टोळ्यांना आवर घालणे, आणि दख्खन व सुरत यांच्या दरम्यान ये-जा करणारे व्यापारी व यात्रेकरू यांचा मार्ग खुला ठेवणे, ही कामगिरी त्यांच्यावर सोपविली होती.

ही कामगिरी क्षुल्लक नव्हती. सुरत हे मोगलांचे सर्वांत संपन्न बंदर होते आणि तेथून दख्खनकडे येणारा माल सह्याद्रीच्या घाटांतूनच वर चढे. १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गेच परतले आणि वणी-दिंडोरीजवळ त्यांनी मोगली फौजेचा पराभव केला. ज्याच्या हाती घाटवाटा, त्याची मर्जी सांभाळणे कोणत्याही सत्तेला भाग होते.

मराठी अंमलात पुढे सुरगाण्याकडे महसुलाची मागणी होऊ लागली, तेव्हा या नात्याला तडा गेला. देशमुखांनी विरोध केला आणि आपले निमस्वातंत्र्य टिकवून धरले. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरगाण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. पण १८१९ मध्ये इंग्रजांच्या एका तुकडीवर हल्ला झाला. इंग्रजांनी मोहीम काढून देशमुखांना पकडले, फाशी दिले आणि त्यांच्या चुलतभावाला प्रमुख म्हणून मान्यता दिली. जुन्या राजवटींत अशा तंट्याचा शेवट बहुधा जप्ती, दंड आणि पुन्हा समेट असा होई. नव्या सत्तेपुढे ती पळवाट उरली नव्हती. वारसाहक्काचे तंटे मात्र १८४६ पर्यंत धुमसत राहिले.

इतरत्र इंग्रजांनी देशमुख-देशपांड्यांची चाकरीच अनावश्यक ठरवली. १८६० च्या दशकात सरकारात ठरावीक रक्कम भरण्याच्या अटीवर त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. सुरगाणा हे सुमारे ३६० चौरस मैलांचे संस्थान म्हणून टिकले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन नाशिक जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली.

या देवघेवीच्या कागदोपत्री इतिहासात राजा आणि देशमुख हे दोनच पक्ष दिसतात. प्रत्यक्ष जमीन कसणारा कोकणा, कोळी वा वारली त्यात जवळजवळ नाहीच. जमिनीवरील त्याच्या हक्काचा प्रश्न वतने संपल्यावरही सुटला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी व्हावी, ही मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांची प्रमुख मागणी होती आणि त्या मोर्चात सुरगाणा तालुक्यातील आदिवासी मोठ्या संख्येने चालत होते.